रक्तातील पहारेकरी

अनवाणी चालताना पायात काटा रुतावा आणि तो आतच मोडून राहावा, हा अनुभव खेड्यातील मुलांना नवा नाही. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. आणखी दोन दिवसांनी तेथे पांढरट पू धरतो. पू म्हणजे केवळ घाण, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. परंतु त्या पुवात आपल्याच शरीराचे असंख्य शिपाई मरून पडलेले असतात, आणि ते आपल्या रक्षणासाठी झुंजताना पडलेले असतात, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत थोरथोर डॉक्टरांनाही ठाऊक नव्हती. ती ज्याने जगाच्या नजरेस आणली तो माणूस डॉक्टर नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता, आणि त्याला ही गोष्ट उमगली ती समुद्रातील एका इवल्याशा जीवाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचल्यावर. त्याचे नाव एली मेचनिकॉफ.

इ. स. १८४५ च्या मे महिन्यात युक्रेनमधील खारकॉव्ह शहराजवळच्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. हा मुलूख त्या वेळी रशियाच्या झारच्या साम्राज्यात मोडत असे. वडील झारच्या रक्षक दलात अधिकारी होते. आई एका ज्यू लेखकाची कन्या होती. रशियन भाषेत त्याचे नाव इल्या. पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर त्याचे ‘एली’ झाले. घरच्या भावंडांत तो सर्वांत धाकटा, अत्यंत चंचल, क्षणभरही एका जागी न ठरणारा. मात्र एखादा किडा किंवा एखादे रोपटे दृष्टीस पडले की हाच मुलगा तासन्‌तास स्तब्ध बसून राही. थोरल्या भावाला शिकविण्यासाठी घरी येऊन राहिलेल्या एका विद्यार्थ्याने त्याला वनस्पतींची ओळख करून दिली आणि त्या दिवसापासून इल्याला दुसरे काही सुचेना. आपल्याला कळलेले ज्ञान इतरांना सांगितल्यावाचून त्याला राहवत नसे. तो भावंडांना व शेजारच्या मुलांना गोळा करी व त्यांच्यापुढे निसर्गावर व्याख्याने देई. आणि श्रोते पळून जाऊ नयेत म्हणून आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांना पैसे देई! व्याख्यान ऐकण्यासाठी श्रोत्यांनाच पैसे देणारा वक्ता विरळाच.

आईने त्याची ही आवड ओळखली होती. विज्ञानाच्या मार्गाने जाण्यास तिनेच त्याला उत्तेजन दिले. खारकॉव्ह विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला. नंतर तो जर्मनी व इटली येथे गेला. उत्तर समुद्रातील हेलिगोलांड बेटाच्या किनाऱ्यावर, पुढे नेपल्सच्या उपसागरात तो समुद्रातील क्षुद्र प्राणी गोळा करी व सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्यांची वाढ कशी होते ते पाही. दिवसरात्र यंत्राला डोळा लावल्यामुळे त्याची दृष्टी अधू झाली, तरी काम थांबले नाही. १८६७ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो ओडेसा विद्यापीठात अध्यापक झाला. त्याच्या वर्गातील काही विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे होते.

येथवर त्याच्या आयुष्याची वाट चढती होती. पुढील काही वर्षे मात्र फार दुःखाची गेली. १८६९ मध्ये त्याने लुडमिला नावाच्या मुलीशी विवाह केला. तिला क्षयरोगाने ग्रासले होते. ती इतकी अशक्त झाली होती की विवाहाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून उचलून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला बरे वाटावे म्हणून मेचनिकॉफने जे जे करणे शक्य होते ते ते केले. उबदार हवेसाठी तिला दूर अटलांटिक महासागरातील मदीरा बेटावर नेले. खर्च भागावा म्हणून रात्रंदिवस लेखनाचे व भाषांतराचे काम केले. क्षयाचे जंतूच तोवर कोणी पाहिले नव्हते, मग औषध कोठून असणार? १८७३ च्या एप्रिल महिन्यात मदीरा येथेच लुडमिलाचे निधन झाले.

या आघाताने मेचनिकॉफ पार खचून गेला. आधीच डोळे अधू, प्रकृती ढासळलेली, त्यात हे दुःख. जगण्यात त्याला काही अर्थच उरला नाही. अशा अवस्थेत जिनिव्हा येथे असताना एका संध्याकाळी तो ऱ्होन नदीच्या पुलाजवळून चालला होता. तेथील दिव्याभोवती किड्यांचा थवा घिरट्या घालीत होता. हे किडे अवघे काही तासच जगतात, त्यांना काही खाण्यासही सवड मिळत नाही. मग जो टिकण्यास लायक तोच टिकतो हा डार्विनचा नियम त्यांना कसा लागू पडणार, असा प्रश्न त्याच्या मनात सहज उभा राहिला. त्या प्रश्नाचा विचार करीत तो चालू लागला, आणि दुःखाने बधिर झालेले त्याचे मन पुन्हा विज्ञानाकडे वळले. ते किडे त्याला वाटले त्या जातीचे नव्हतेच, ही गोष्ट वेगळी. १८७५ मध्ये ओडेसा येथे त्याचा दुसरा विवाह झाला. त्याची पत्नी ओल्गा ही पुढे प्रयोगशाळेत त्याची सहकारी बनली, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याचे चरित्रही तिनेच लिहिले.

१८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला. त्यानंतर विद्यापीठात दडपशाही वाढली. विद्यापीठाच्या कारभारातील ढवळाढवळ असह्य होऊन १८८२ मध्ये मेचनिकॉफने नोकरीचा राजीनामा दिला, आणि ओल्गा व तिची धाकटी भावंडे यांना घेऊन तो सिसिली बेटावरील मेसिना या गावी जाऊन राहिला. तेथील समुद्र नाना प्रकारच्या जीवांनी समृद्ध होता. दिवाणखान्यातच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली.

त्या वर्षाच्या अखेरची गोष्ट. गावात सर्कस आली होती व तीत माकडांचे खेळ होते. घरातील सर्व मंडळी ते खेळ पाहण्यास गेली. मेचनिकॉफ एकटाच घरी आपल्या सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसून राहिला. यंत्राखाली तारामाशाचा डिंभ होता. तारामाशाचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर प्रथम जे रूप घेते त्यास डिंभ म्हणतात. हा डिंभ काचेसारखा पारदर्शक असतो. त्याच्या पोटात काय चालले आहे ते जिवंतपणीच बाहेरून दिसते. त्या पारदर्शक शरीरात काही पेशी इकडून तिकडे संथपणे सरकत होत्या. अशा फिरत्या पेशी मेचनिकॉफने पूर्वीही पाहिल्या होत्या. काही क्षुद्र प्राण्यांत अशा पेशी अन्नाचे कण गिळून आपल्याच अंगात पचवितात, हे तर त्याने स्वतःच तरुणपणी पाहिले होते. पण त्या दिवशी एकाएकी त्याच्या मनात एक कल्पना चमकली. ज्या पेशी अन्न गिळतात, त्या बाहेरून शरीरात शिरलेल्या शत्रूलाही गिळीत नसतील कशावरून?

या कल्पनेने तो इतका अस्वस्थ झाला की खोलीत येरझारा घालू लागला. शेवटी विचार करण्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर गेला. आपला तर्क खरा असेल, तर डिंभाच्या अंगात टोचलेल्या काट्याभोवती या पेशींनी लगेच गराडा घातला पाहिजे, असे त्याने मनाशी ठरविले. या डिंभाला ना रक्तवाहिन्या, ना मज्जासंस्था, असे तो मानीत होता. तेव्हा गराडा पडलाच, तर तो पेशींनी आपण होऊन घातलेला असणार, हे उघड होते. घराच्या लहानशा बागेत काही दिवसांपूर्वी मुलांसाठी संत्र्याच्या एका झाडालाच नाताळचे झाड म्हणून सजविले होते. त्याच बागेतून त्याने गुलाबाचे काही काटे आणले व डिंभांच्या नाजूक त्वचेखाली हलकेच टोचले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पहाट होताच तो यंत्रापाशी धावला. काट्यांभोवती फिरत्या पेशींची दाट गर्दी झाली होती! आजवर प्राण्यांच्या वाढीचा अभ्यास करणारा मेचनिकॉफ त्या सकाळपासून रोगांचा अभ्यासक झाला.

जर्मनीतील विख्यात रोगशास्त्रज्ञ विर्को हा त्या सुमारास मेसिनाला आला होता. मेचनिकॉफने त्याला आपले प्रयोग दाखविले. विर्कोने त्याचे कौतुक केले, पण जपून पाऊल टाकण्याचा इशाराही दिला. कारण त्या काळचे डॉक्टर याच्या अगदी उलट मानीत. रक्तातील पांढऱ्या पेशींत जंतू दिसतात ते खरे, पण या पेशी म्हणजे जंतूंना शरीरभर वाहून नेणारी वाहनेच होत, असे त्यांचे मत होते. पहारेकऱ्यालाच चोराचा साथीदार समजण्यासारखा हा प्रकार होता. १८८३ मध्ये व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञांशी चर्चा करताना या पेशींना ग्रीक भाषेतून ‘फॅगोसाइट’ हे नाव मिळाले. खाणारी पेशी असा त्याचा अर्थ. मराठीत त्यांना भक्षक पेशी म्हणतात.

नुसत्या काट्याने जगाची खात्री पटणार नव्हती. खऱ्या रोगाची लढाई दाखविणे आवश्यक होते. ती मेचनिकॉफला सापडली डबक्याच्या पाण्यात. तेथे टाचणीच्या डोक्याएवढी जलपिसू राहते. तीही पारदर्शक. एका जातीच्या यीस्टचे सुईसारखे टोकदार बीजकण ती अन्नाबरोबर गिळते. ते तिचे आतडे भेदून शरीरात घुसतात. मेचनिकॉफने पाहिले की बीजकण आत येताच पिसूच्या रक्तातील पेशी त्याला घेरतात, गिळतात व विरघळवून टाकतात. पेशींची सरशी झाली तर पिसू वाचते. बीजकण फार झाले आणि त्यांना कोंब फुटले, तर पेशी हरतात आणि पिसू मरते. लढाईचा आरंभ, मध्य व शेवट, सारे एका थेंबभर पाण्यात डोळ्यांसमोर घडत होते. १८८४ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. एखाद्या रोगाचा असा उघडा सामना त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता.

याच सुमारास पॅरिसमध्ये लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस शोधून काढली होती. १८८६ मध्ये पिसाळलेल्या लांडग्याने चावे घेतलेले एकोणीस रशियन शेतकरी थेट पॅरिसला पाश्चरकडे नेण्यात आले व त्यांपैकी सोळा वाचले. इतक्या दूर प्रत्येकाला नेणे कसे परवडणार? म्हणून त्याच वर्षी ओडेसा येथे ही लस टोचण्याचे केंद्र निघाले आणि त्याचा प्रमुख म्हणून मेचनिकॉफची नेमणूक झाली. पण तो पडला प्राणिशास्त्रज्ञ. डॉक्टरकीची पदवी नसल्यामुळे त्याला रोग्याला सुई टोचण्याचीही परवानगी नव्हती. ते काम त्याचे सहकारी करीत. गावचे डॉक्टर त्याच्यावर टीकेची झोड उठवीत. पुढे काळपुळीच्या लशीत काही चूक होऊन हजारो मेंढ्या दगावल्या, तेव्हा तर गहजब झाला. मेचनिकॉफ त्या वेळी गावी नव्हता, तरी दोष केंद्राच्या माथी आलाच.

शांतपणे संशोधन करता येईल अशी जागा शोधण्यासाठी तो युरोपात हिंडला. बर्लिन येथे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याला त्याने आपले नमुने दाखविले. पण कॉखने त्यांकडे थंडपणे पाहिले व दाद दिली नाही. पॅरिस येथे मात्र वृद्ध पाश्चरने त्याचे मनापासून स्वागत केले आणि आपल्या नव्या संस्थेत त्याला प्रयोगशाळा देऊ केली. १८८८ मध्ये मेचनिकॉफ पाश्चर संस्थेत दाखल झाला, तो अखेरपर्यंत तेथेच राहिला.

तेथील पुढील वीस वर्षे म्हणजे एक दीर्घ वादविवादच होय. १८९० मध्ये बर्लिनच्या बेरिंग व किटासाटो यांनी दाखविले की जनावराच्या रक्तातील पेशी काढून टाकल्या, तरी उरलेला पातळ रक्तरस घटसर्प व धनुर्वात यांची विषे निष्प्रभ करू शकतो. झाले! शरीराचे रक्षण रक्तरस करतो, पेशींचे महत्त्व नाही, असा डंका जर्मन शास्त्रज्ञ पिटू लागले. मेचनिकॉफ स्वभावाने तापट व भावनाप्रधान होता. विस्कटलेले केस, वाढलेली दाढी, कागदांनी फुगलेले खिसे अशा थाटात तो परिषदांतून आवेशाने बोले. पण नुसत्या आवेशाने तो लढला नाही. प्रत्येक आक्षेपाला त्याने नव्या प्रयोगाने उत्तर दिले. ससे, गिनिपिग, कबुतरे, बेडूक अशा अनेक प्राण्यांच्या शरीरात जंतू टोचून, पेशी त्यांचे काय करतात हे त्याने व त्याच्या शिष्यांनी पुनःपुन्हा तपासले. भक्षक पेशींत दोन प्रकार आहेत, हेही त्याने दाखविले : एक लहान व चपळ, दुसऱ्या मोठ्या, त्यांतील मोठ्या पेशींना त्याने ‘मॅक्रोफेज’ असे नाव दिले. या पेशी जंतूंप्रमाणेच शरीरातील मृत व निकामी झालेल्या पेशीही गिळून टाकतात. म्हणजे पहारेकरी आणि झाडूवाला, दोन्ही कामे एकाच्याच अंगावर!

खरे पाहता दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा अर्धाअर्धा भाग होता. १९०३ मध्ये लंडन येथे आल्म्रोथ राइट व त्याचा सहकारी डग्लस यांना आढळले की रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि त्यामुळे भक्षक पेशींना ते गिळणे सोपे जाते. रक्तरस व पेशी एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून सहकारी ठरले. १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व जर्मनीचा पाउल एर्लिख या दोघांना विभागून देण्यात आले. एर्लिख रक्तरसाच्या बाजूचा मोठा पुरस्कर्ता होता. मेसिनाच्या त्या सकाळीनंतर तोवर सव्वीस वर्षे लोटली होती.

या दोन शास्त्रज्ञांची गाठ पुढे एका विचित्र ठिकाणी पडली आहे. कुत्र्यांना गोचिडीच्या चाव्यातून एक घातक ताप येतो. त्याचा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियात प्रथम आढळला व नंतर एर्लिखच्या सन्मानार्थ त्याला ‘एर्लिकिया’ हे नाव देण्यात आले. हा जंतू कोठे राहतो? तर कुत्र्याच्या भक्षक पेशींतच! ज्या पेशीने त्याला गिळून पचवावे तिच्याच पोटात तो घर करून वाढतो. गिळला गेलेला प्रत्येक जंतू मरतोच असे नाही, हे मेचनिकॉफच्या विरोधकांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे होते. अशा जंतूचा अभ्यास करावयाचा तर कुत्र्याच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवाव्या लागतात. त्यांना काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत, पोषक द्रवात, शरीराइतक्या उबेत ठेवतात. पण सामान्य पेशी तेथे फार काळ टिकत नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एका दहा वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याच्या पेशींची अशी जोपासना केल्याचे प्रसिद्ध केले. त्या कुत्र्याला भक्षक पेशींचाच कर्करोग झाला होता व त्यामुळे त्याच्या पेशी बशीतही विभागत राहिल्या. तो कुत्रा केव्हाच गेला. त्याच्या पेशींचे वंशज मात्र ‘डीएच ८२’ या नावाने अनेक देशांच्या प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत, आणि त्यांच्यात एर्लिकिया वाढवून तो पहारेकऱ्याला कसा फसवितो ते शास्त्रज्ञ पाहत असतात. मेचनिकॉफला हे दृश्य पाहावयास मिळते, तर तो बहुधा त्याही रात्री झोपला नसता.

मुंबईशीही त्याचा एक धागा जुळतो. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथील त्याचा विद्यार्थी. गुरूच्या मागोमाग तो पॅरिसला आला व पाश्चर संस्थेत ग्रंथपालाचे काम करीत संशोधन करू लागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते.

उतारवयात मेचनिकॉफला म्हातारपणाच्या प्रश्नाने पछाडले. मोठ्या आतड्यातील काही जंतू विष निर्माण करतात व त्यामुळे माणूस अकाली म्हातारा होतो, असे त्याला वाटू लागले. बल्गेरियातील शेतकरी आंबवलेले दूध खाऊन दीर्घायुषी होतात असे ऐकून त्याने स्वतःही तसे दूध नेमाने घेण्यास आरंभ केला. त्याचे पाहून युरोपात दह्याचे एकच वेड पसरले. ताकाशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही अशा मराठी घरांना या वेडाची गंमत वाटेल. दही पथ्याचे आहे, परंतु त्याने म्हातारपण लांबते हे मेचनिकॉफ सिद्ध करू शकला नाही. येथे त्याच्या उत्साहाने पुराव्याच्या पुढे धाव घेतली होती.

लुडमिलाला नेणारा क्षयरोग मात्र तो विसरला नव्हता. १९११ मध्ये, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, तो काही सहकाऱ्यांसह काल्मिक लोकांच्या ओसाड गवताळ प्रदेशात गेला. हे लोक आपल्या दूरच्या तळांवर असेपर्यंत त्यांच्यात क्षय क्वचितच आढळे. पण शहरात आले की ते त्याला झटकन बळी पडत. याचे कारण शोधण्यासाठी त्याने कडक उन्हात, तंबूंतून हिंडून तपासण्या केल्या.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. त्याचे तरुण सहकारी रणांगणावर गेले आणि गजबजलेली प्रयोगशाळा ओस पडली. मेचनिकॉफचे हृदय दुबळे झाले होते. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या देहाचे दहन करण्यात आले. पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, त्याच्या अस्थींचा कलश ठेवलेला आहे.